मुलाच्या आधार-पॅनवर कुणी कर्ज उचललंय का? अठरा पूर्ण होताच सिबिल रिपोर्ट असा तपासा

बारावीचा निकाल लागला, प्रवेश मिळाला, की घरात पुढचा प्रश्न पैशांचा. शैक्षणिक कर्जाचा अर्ज बँकेत जातो आणि बँक आधी सिबिल बघते. या कर्जात मुख्य कर्जदार विद्यार्थी असतो आणि आई किंवा वडील सहकर्जदार, त्यामुळे दोघांचाही रिपोर्ट निघतो. वडिलांच्या रिपोर्टमध्ये काय असेल याचा घरात साधारण अंदाज असतो. मुलाच्या रिपोर्टचा विचार मात्र कुणी केलेला नसतो, कारण त्यानं आजवर कर्ज घेतलेलंच नाही. त्याच्या कागदांवर दुसऱ्याच कुणी कर्ज उचललं असेल, तर ते नेमकं अशा वेळी उघड होतं, फी भरायची मुदत आठ दिवसांवर आलेली असताना.

पीक कर्जासाठी सिबिल मागू नका, असं राज्य सरकारनं बँकांना अनेकदा बजावलंय. शैक्षणिक कर्ज, दुचाकी, घरबांधणी यांच्या बाबतीत मात्र बँका स्कोअर बघतातच. म्हणून हा विषय फक्त शहरातल्या नोकरदारांचा नाही.

अठराच्या आत रिपोर्ट असायलाच नको

१८७२ च्या करार कायद्यानुसार अज्ञान व्यक्तीला, म्हणजे १८ वर्षं पूर्ण न झालेल्याला, करार करता येत नाही. असा करार मुळातच रद्दबातल असतो, हे १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलनं मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात ठरवलं. तो निकाल आजही आधाराला घेतला जातो. कर्ज हा करारच, त्यामुळे १७ वर्षांच्या मुलाच्या एकट्याच्या नावावर बँक, फायनान्स कंपनी किंवा मोबाईल ॲप कुणालाच कर्ज देता येत नाही. सरळ अर्थ असा, की नुकत्याच १८ पूर्ण झालेल्या मुलाचा सिबिल रिपोर्ट कोरा हवा. कोरा रिपोर्ट म्हणजे खराब रिपोर्ट, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. इतिहास नसलेल्याच्या नावापुढे स्कोअरच्या जागी ‘एनएच’ किंवा उणे १ अशी खूण येते. पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्यासाठी ती बरोबर आहे.

मग गडबड होते कशी? एक म्हणजे झेरॉक्सवरची जन्मतारीख खाडाखोड करून बदलायची आणि फारशी तपासणी न करणाऱ्या ठिकाणी ती खपवायची. दुसरं, कर्ज घेणारा वेगळाच, पण अर्जात पॅन नंबर तुमच्या मुलाचा टाकायचा. कधी हे मुद्दाम होतं, कधी टाईप करताना एखादा आकडा चुकतो आणि परक्याचं कर्ज मुलाच्या नावावर चिकटतं. तिसरा प्रकार सगळ्यात शांत आहे. मुलाचे कागद आज गोळा होतात, कुणाच्या तरी मोबाईलमध्ये पडून राहतात आणि तो १८ चा झाल्यावर वापरले जातात.

पॅनचा गैरवापर किती सहज होतो हे २०२२ च्या फेब्रुवारीत देशभर दिसलं. एका कर्ज देणाऱ्या ॲपवर आपल्या पॅननं भलत्यांनीच कर्ज घेतल्याच्या तक्रारी लोकांनी सोशल मीडियावर मांडल्या. त्यात अभिनेत्री सनी लिओनीही होत्या. त्यांच्या पॅनवर उचललेली रक्कम होती अवघी २००० रुपये. रक्कम छोटी असली तरी थकबाकीची नोंद थकबाकीचीच असते.

आधारला नंबर कुणाचा जोडलाय?

ऑनलाईन कर्ज आणि ऑनलाईन खातं, दोन्हीची किल्ली आधारचा ओटीपी. तो ज्या मोबाईलवर जातो तो मोबाईल ज्याच्या हातात, त्याच्या हातात अर्धं काम. गावाकडे हाच धागा सगळ्यात कच्चा असतो. मुलाचं आधार काढलं तेव्हा आईकडे मोबाईल नव्हता म्हणून शेजाऱ्याचा नंबर दिला, मामाचा दिला, कधी केंद्रावरच्या पोरानं स्वतःचाच टाकला. काही घरांत नंबर स्वतःचाच होता, पण रिचार्ज संपलं आणि सिम बंद पडलं. बंद झालेला नंबर किमान ९० दिवसांनी कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. म्हणजे मुलाच्या आधारचा ओटीपी आज कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या मोबाईलवर वाजत असेल.

तपासणं सोपं आहे. माय-आधार पोर्टलवर ई-मेल किंवा मोबाईल नंबर पडताळण्याची सोय आहे. तिथं मुलाचा आधार क्रमांक आणि घरातला नंबर टाकला की तो जोडलेला आहे की नाही ते कळतं. नसेल तर आधार केंद्रावर जाऊन बदलून घ्या. पोस्टमनकडूनही हे काम होतं, पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत तो मोबाईल नंबर अद्ययावत करून देतो. नंबर आईचा किंवा वडिलांचा, कायम चालू राहणारा द्यावा. पाच आणि पंधरा वर्षांचं झाल्यावर मुलाचे बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद नव्यानं द्यावी लागते. त्यासाठी केंद्रावर जायचंच असतं, त्याच फेरीत नंबरही बघून घ्यावा.

नंबर जोडलेला असेल तर आणखी दोन गोष्टी घरबसल्या होतात. एक, बायोमेट्रिक लॉक. एम-आधार ॲपमधून किंवा पोर्टलवरून ठशांना कुलूप लावलं की ते ठसे वापरून कुणाला पडताळणी करता येत नाही. अंगठा लावून खात्यातून पैसे काढण्याची सोय गावोगावी आहे, आणि मुलांच्या खात्यात शिष्यवृत्ती येते, हे लक्षात घेतलं तर याचं महत्त्व कळेल. रेशन दुकानात किंवा परीक्षेच्या वेळी अंगठा लागणार असेल तेव्हा कुलूप थोडा वेळ काढता येतं. दोन, पडताळणीचा इतिहास. गेल्या सहा महिन्यांत हे आधार कुठं कुठं वापरलं गेलं त्याची यादी तिथं दिसते. शाळा, बँक, रेशन सोडून एखाद्या फायनान्स कंपनीचं नाव तिथं दिसलं तर लगेच १९४७ वर फोन करावा.

झेरॉक्स, व्हॉट्सॲप आणि वाढदिवसाचा बॅनर

शाळेचा प्रवेश, शिष्यवृत्ती, एसटीचा पास, जातीचा दाखला, महाडीबीटी, खेळाचा फॉर्म. प्रत्येक ठिकाणी आधारची झेरॉक्स, आणि कुठल्याही कागदावर ती कशासाठी दिली याची खूण नाही. झेरॉक्सवर आडवी रेघ मारून ‘फक्त शाळा प्रवेशासाठी’, तारीख आणि सही एवढं पेनानं लिहिलं तरी तो कागद दुसऱ्या कामाला लावणं अवघड होतं. जिथं पूर्ण क्रमांकाची सक्ती नाही तिथं झाकलेलं आधार द्यावं. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात आणि ते यूआयडीएआयच्या पोर्टलवरून डाऊनलोड होतं. ऑनलाईन क्रमांक द्यायचा असेल तर १६ अंकी व्हर्च्युअल आयडी काढून तो देता येतो.

व्हॉट्सॲपचं प्रकरण झेरॉक्सपेक्षा वाईट आहे. ‘सर्वांनी मुलांच्या आधारचे फोटो ग्रुपवर टाका’ असा मेसेज वर्गाच्या ग्रुपवर येतो आणि पन्नास पालक फोटो टाकून मोकळे होतात. मग ते पन्नास आधार पन्नास मोबाईलमध्ये. शिक्षकांवरही कामाचा ताण असतो, त्यांनी ते वाईट हेतूनं मागितलेलं नसतं. पण फोटो शिक्षकांच्या वैयक्तिक नंबरवर पाठवायला किंवा शाळेत कागद नेऊन द्यायला फारसा वेळ लागत नाही. प्रिंट काढायला दुकानदाराच्या नंबरवर पाठवलेली फाईलही तशीच त्याच्या मोबाईलमध्ये राहते. प्रिंट हातात आली की ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करून मगच दुकानातून निघावं. फाईल त्याच्या गॅलरीत उतरली असेल तर तीही पुसायला सांगावं.

ई-आधारच्या फाईलला पासवर्ड असतो म्हणून ती सुरक्षित, असं समजू नये. तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. नाव, जन्मतारीख आणि वय चौकातल्या वाढदिवसाच्या बॅनरवर फोटोसकट लावलेलं असतं.

पॅन आणि बँक खातं

मुलाचं पॅन काढता येतं, अर्ज पालक करतात. त्या पॅनकार्डवर मुलाचा फोटो आणि सही नसते. १८ पूर्ण झाल्यावर फोटो आणि सहीसह नवं कार्ड मागवून घ्यावं लागतं, आणि हे काम घरोघरी राहून जातं. पॅन नसेल तर नुसतं हौसेखातर काढायची गरज नाही, काम पडेल तेव्हा काढावं.

१८ नंतर आयकर विभागाच्या पोर्टलवर पॅननं नोंदणी करून वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, एकदा तरी उघडून बघावं. तिथं कर्ज दिसत नाही, पण त्या पॅनवर मिळालेलं व्याज, मोठ्या ठेवी आणि मोठे व्यवहार दिसतात. कुठल्या तरी लांबच्या शहरातल्या बँकेचं व्याज मुलाच्या नावावर दिसलं, तर त्याच्या नावानं कुणी खातं उघडलंय हे समजून घ्यावं. संचार साथी पोर्टलवर मोबाईल नंबर टाकून आपल्या नावावर किती सिमकार्ड चालू आहेत तेही कळतं आणि अनोळखी सिमची तक्रार तिथल्या तिथं करता येते.

रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२५ च्या सूचनेनुसार १० वर्षांवरच्या मुलांना बँका त्यांच्या मर्यादेत स्वतंत्रपणे बचत खातं चालवू देऊ शकतात. सोय चांगली आहे. पण याच खात्यांवर सायबर चोरांचाही डोळा असतो. ‘तुझं पासबुक, एटीएम आणि सिम महिनाभर दे, पाच हजार घे’ असं सांगणारा ओळखीचाच कुणी तरी कॉलेजच्या कट्ट्यावर भेटतो. त्या खात्यात फसवणुकीचे पैसे येतात आणि निघून जातात. पोलीस तपासात पहिलं नाव खातेदाराचं निघतं. खातं गोठतं, शिष्यवृत्ती अडकते आणि मुलाला चौकशीसाठी परक्या जिल्ह्यात, कधी परक्या राज्यात जावं लागतं. इथं मुलाची ओळख कुणी चोरली नाही, त्यानं ती भाड्यानं दिली, आणि ‘मला माहीत नव्हतं’ हे सिद्ध करता करता वर्ष जातं.

घरातलाच माणूस असेल तर

हा भाग बोलायला अवघड, पण टाळून चालणार नाही. मुलाचे सगळे कागद ज्याच्या हाताशी असतात तो बहुतेक वेळा नात्यातला असतो. काकाचं सिबिल खराब झालंय म्हणून नुकत्याच १८ पूर्ण झालेल्या पुतण्याच्या नावावर दुचाकी काढली. ‘हप्ते मी भरतो, तू फक्त सही कर.’ दाजींनी मेहुणीच्या नावावर मोबाईल घेतला. वडिलांच्या कर्जाला मुलाला जामीनदार केलं. यातल्या कुठल्याही ठिकाणी मुलानं स्वतः सही केली आणि ओटीपी दिला असेल तर कायद्यानं कर्जदार किंवा जामीनदार तोच. हप्ता थकला की नोंद त्याच्या रिपोर्टला आणि वसुलीवाला त्याच्या दारात. जामीनदाराच्या रिपोर्टमध्येही ते कर्ज दिसतं, ही गोष्ट पतसंस्थेत सही करताना कुणी सांगत नाही. मोबाईलच्या दुकानातली ‘शून्य डाऊन पेमेंट’ योजना आणि ॲपवरचं ‘आत्ता घ्या, नंतर भरा’ हीसुद्धा कर्जंच आहेत.

सही न घेता, ओटीपी चोरून केलं असेल तर तो गुन्हा आहे, मग करणारा नात्यातला असो वा परका. तक्रार करायची की नाही हे घर ठरवेल. पण आपसात मिटवायचं असेल तर निदान कर्ज पूर्ण फेडून, ‘नो ड्यूज’ दाखला हातात घेऊन मिटवावं. अर्धवट तडजोड केली तर रिपोर्टमध्ये ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो आणि पुढची बँक तो चांगला धरत नाही.

रिपोर्ट कुठं आणि कसा बघायचा

आपण सगळ्यालाच सिबिल म्हणतो, पण भारतात अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं प्रत्येकीनं वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत द्यायचा आहे. एखादी नोंद एकीकडे दिसते, दुसरीकडे दिसत नाही, असंही होतं. म्हणून पहिल्या वेळी चारही बघावेत. छोट्या गटकर्जांची माहिती बघताना क्रिफ हाय मार्कचा रिपोर्ट सोडू नये.

मूल १८ चं होईपर्यंत या पोर्टलवर त्याच्या नावानं खातं उघडता येत नाही. त्यामुळे तोवर वर सांगितलेल्या आधारच्या खुणा आणि घरी येणारे फोन यांवरच लक्ष ठेवावं. मुलाच्या नावानं वसुलीचा फोन किंवा नोटीस आली तर ‘राँग नंबर’ म्हणून सोडून देऊ नये. कंपनीचं नाव, कर्ज क्रमांक आणि तारीख विचारून लिहून घ्यावी.

अठरावा वाढदिवस झाला की महिना-दोन महिन्यांत, शैक्षणिक कर्जाचा अर्ज टाकण्याआधी, मुलाला स्वतःच्या मोबाईलवरून कंपनीच्या अधिकृत साईटवर नोंदणी करायला लावावी. नाव, जन्मतारीख, पॅन आणि ओटीपी लागतो. पैसे मागणारं पान आलं तर आपण महिन्याच्या योजनेवर गेलोय, मोफत वार्षिक रिपोर्टवर नाही, हे ओळखून मागं यावं. स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्यानं स्कोअर कमी होत नाही. केंद्रावरून काढायचा झाल्यास मूल समोर हवं, आणि प्रिंट निघाल्यावर फाईल पुसून लॉगआऊट करायला लावावं.

रिपोर्टमध्ये स्कोअरच्या आकड्यापेक्षा तीन जागा महत्त्वाच्या. पत्ता आणि मोबाईल नंबर: मुलगा कधी पुण्याला राहिला नाही आणि तिथला पत्ता दिसतोय, तर तो आला कुठून? खात्यांची यादी: एकही कर्ज, कार्ड किंवा जामीन दिसला तर उघडल्याची तारीख जन्मतारखेशी ताडून बघा. आणि चौकशांची यादी: कुठल्या बँकेनं किंवा ॲपनं रिपोर्ट मागवला ते इथं असतं. कर्ज मिळालं नसलं तरी कुणी प्रयत्न केला होता हे त्यावरून कळतं.

चुकीची नोंद निघाली तर

ज्या कंपनीच्या रिपोर्टमध्ये नोंद आहे तिच्याच साईटवर मोफत वाद नोंदवता येतो. ‘हे खातं माझं नाही’ हा पर्याय निवडावा. त्याच दिवशी कर्ज देणाऱ्या बँकेला किंवा फायनान्स कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी. अर्जात तीन गोष्टी मागाव्यात: कर्जाच्या अर्जाची प्रत, लावलेले केवायसी कागद, आणि कर्जाची रक्कम कुठल्या खात्यात गेली त्याचा तपशील. या तिसऱ्या गोष्टीतूनच चोर सापडतो. कर्जाची तारीख अठराव्या वाढदिवसाच्या आधीची असेल तर जन्मदाखला जोडावा आणि करारच रद्दबातल आहे असं स्पष्ट लिहावं.

दुरुस्तीला मुदत आहे ३० दिवस. त्यातले २१ दिवस बँकेला, उरलेले रिपोर्ट देणाऱ्या कंपनीला. मुदत उलटली तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला मिळते. हा नियम रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर २०२३ मध्ये काढला. भरपाई मागावी, ती हक्काची आहे. तरीही दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवर मोफत तक्रार करता येते. त्यासाठी वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

वसुलीवाले ‘निम्मे भरा, मिटवून टाकू’ म्हणतील. जे कर्ज घेतलंच नाही त्याचा एक रुपयाही भरू नये. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर त्यांना फोन करायला मनाई आहे. ‘सिबिल दुरुस्त करून देतो’ म्हणून दोन-पाच हजार मागणाऱ्यांचीही आता तालुक्याच्या गावात कमी नाही. ते जे करतात ते हेच मोफत काम, वर तुमचे कागद आणखी एका मोबाईलमध्ये जातात.

पोलीस तक्रार मात्र करावीच, कारण बँक ती मागते. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा नंबर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल आहे. दुसऱ्याची ओळख वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क खाली गुन्हा आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. ठाण्यात तक्रार घेतली नाही तर तीच लेखी स्वरूपात जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. एफआयआर झाला तर त्याची प्रत फुकट मिळते. तिची झेरॉक्स बँकेच्या अर्जाला जोडावी, आणि त्या झेरॉक्सवरही ती कशासाठी दिली ते पेनानं लिहावं.